आमचं धूड

२०२५च्या गणपतीत पुतण्या आला होता. आपली नवी उंच गाडी त्याने अंगणात आमच्या गाडीशेजारी लावली, ओटीवर बसला, चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "काका, हे धूड विका आता."

मी म्हटलं, "का रे बाबा, धुडाने तुझं काय घोडं मारलंय?"

मग त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. एक, गाडी सतरा वर्षांची झाली. दोन, पाण्यासारखं पेट्रोल पिते. तीन, असली लांबलचक सेडान हल्ली घेतंय कोण? चार, आपल्या आळीत ती वळवायची म्हणजे बैलगाडी घाटात वळवण्यासारखं आहे. "आणि पाच..." म्हणून तो जरा थांबला. "तुम्ही पंचाहत्तरी ओलांडलीत."

पहिल्या चार मुद्द्यांना माझ्याकडे उत्तरं होती आणि ती मी मास्तरकीच्या आवाजात तिथल्या तिथे दिलीसुद्धा. पाचव्याला दिलं नाही. "बघू" म्हणालो. ते "बघू" गेले काही महिने मनात राहिलं आहे, म्हणून आज हे लिहायला बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी २००७ साली निवृत्त झालो तेव्हा आमच्याकडे १९९८ साली जुनी घेतलेली मारुती ८०० होती. त्याआधी चेतक, आणि त्याआधी सायकल. नंतर २००८ साली नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी ही मोठी गाडी घेतली. पाच मीटरला जेमतेम कमी भरणारी, ऑटोमॅटिक, आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही. चांगलं लिहिलं तर जाहिरात वाटेल आणि वाईट लिहिलं तर तक्रार. २०१२ साली चिरंजीव मेलबर्नला गेले आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "बाबा, आईच्या पाठीला ८०० चे धक्के सोसत नाहीत. ही ठेवा." ८०० आम्ही विकली. सगळा पगार शाळेतून घरी आणणाऱ्या माणसाच्या दारात साहेबाची गाडी उभी राहिली. पहिले सहा महिने मला तिच्यात बसताना उगाचच आपण कुणाची तरी वस्तू न विचारता घेतली आहे असं वाटायचं.

मोठ्या गाडीचं मला लहानपणापासून आकर्षण, हे मात्र कबूल केलं पाहिजे. माझ्या बालपणी चौल-रेवदंडा भागात चारचाकी म्हणजे एस.टी., नाहीतर डॉक्टरांची अँबॅसेडर. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली ही गाडी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली, ती थेट मे २०१४ पर्यंत. पुढे अखंड बाक, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. त्यामुळे पुढे तिघं, मागे चौघं, आणि मांडीवरची पोरं हिशेबात नाहीत! पण मला आठवतं ते वेगळंच. अडलेली बाळंतीण असो की झाडावरून पडलेला गडी, डॉक्टर त्यांना मागच्या बाकावर आडवं करून अलिबागला न्यायचे. आराम हा शब्द मी गाडीच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकला तो तिथे. कुणाची तरी आजी सांगत होती, "बाजेवर निजल्यागत आरामात नेली हो पोरीला." म्हणजे मोठी गाडी ही मालकाच्या ऐटीसाठी नसून मागे बसणाऱ्यासाठी असते, असा माझा तेव्हापासूनचा समज.

पुढे १९८४ साली काँटेसा आली. रेवदंड्याच्या एका बागाईतदारांनी घेतली होती. रस्त्याने जाताना ती इतकी हळू डुलायची की मागून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरचा संयम सुटे. ती २००२ साली संपली. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी त्याच्या जरा आधीच थांबली होती. तिची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, तेव्हा आमच्या वयाच्या बऱ्याच लोकांना घरातलंच कुणीतरी गेल्यासारखं झालं.

आता पुतण्याचा तिसरा मुद्दा, सेडान कोण घेतं हल्ली? खरं आहे. कोरोला आपल्याकडे २०२० साली बंद झाली, सियाझ २०२५ साली. पण याला लोकांची आवड जितकी कारण आहे तितकाच सरकारी हिशेबही. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळावर आणलं. झालं! गाड्यांची लांबी रस्ता बघून न ठरता फूटपट्टी बघून ठरू लागली. २०१२ सालच्या डिझायरची डिकी छाटून ती ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवली, हे त्याचंच फळ. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीतही तोच न्याय आहे. लहान गाडीला १८ टक्के, मोठीला ४०. कराबद्दल माझी तक्रार नाही. मोठी गाडी जास्त रस्ता अडवते, जास्त इंधन खाते, तिने जास्त द्यावं. फक्त चार मीटरच्या आतली गाडी ही लोकांनीच निवडली असं म्हणू नये, इतकंच.

मोठ्या गाडीत धक्के कमी का बसतात, हे मला आमच्या इथल्या पोरांना समजवायचं असेल तर मी समुद्रावर नेऊन दाखवीन. एकच लाट येते. होडी आधी नाक वर करते, मग शेपूट. तिच्या शेजारचं लांब गलबत मात्र नुसतं हलल्यासारखं करतं, कारण लाट त्याच्या एका टोकाला उचलते तेव्हा दुसरं टोक अजून सपाट पाण्यावर असतं. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जास्त असलं की खड्ड्याचं तसंच होतं. त्यात गाडी जड, स्प्रिंगा मऊ, टायरची रबरी कड जाड. शिवाय माणूस दोन्ही चाकांच्या बरोबर मध्ये बसलेला. आमच्या छोट्या गाडीत मागे बसणारा जवळजवळ चाकाच्या डोक्यावरच बसायचा. आराम आराम म्हणतात तो एवढाच. साधं यंत्रशास्त्र आहे.

आणि या आरामाचं मोल मला २०२१च्या जानेवारीत कळलं. ही न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला. मुंबईला ऑपरेशन झालं. घरी आणायचं तर रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ... महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि किती वर्षं रेंगाळलं ते तुम्ही जाणताच. नुकत्या जोडलेल्या हाडाला त्या वाटेने न्यायची माझी छाती होईना. पण १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली होती. गाडी तिच्या पोटात घातली, तासाभरात मांडवा. ही मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी. तिथून चौलपर्यंत तीसपस्तीस किलोमीटर मी असा आलो की डॅशबोर्डवर पेला ठेवला असता तरी पाणी सांडलं नसतं. घरी येऊन मागे वळून बघतो तर ही गाढ झोपलेली. ऑपरेशननंतरची तिची पहिली शांत झोप. त्या दिवशी त्या धुडाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. म्हणून ते विका म्हटलं की मला राग येतो.

याचा अर्थ सगळं गोडच आहे असं नाही. आमच्या किनाऱ्यावर असली गाडी सांभाळणं म्हणजे हत्ती पोसणं. गावात फिरलं तर लिटरला आठ किलोमीटर मिळाले तरी देव पावला म्हणायचं, आणि पेट्रोल शंभराच्या वर. खारी हवा पत्र्याला खालून खाते, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने पोट धुवावं लागतं. चार दिवस गाडी उभी राहिली की ब्रेकच्या तबकड्यांवर गंज चढतो आणि सुटताना ती कण्हते. वाडीतले उंदीर वायरी कुरतडतात. माडाखाली गाडी लावायची सोय नाही, नारळ कुणाची भीड धरत नाही. मांडवात लावली तर मांडव आखूड पडतो आणि नाक बाहेर राहतं, त्या नाकावर पोफळीच्या विऱ्या पडतात. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात एक पोफळ टपावर आडवी झाली, तिचा पोचा अजून आहे. पण त्याच वादळानंतर आमच्याकडे पंधरा दिवस वीज नव्हती, तेव्हा अख्ख्या आळीचे मोबाइल याच गाडीच्या बॅटरीवर चार्ज झाले. ओटीवर मोबाइलची रांग लावून मी वर्गात हजेरी घ्यावी तशी नावं पुकारत होतो.

बसण्या-उठण्याचं म्हणाल तर तिथे मात्र पुतण्या अर्धा बरोबर आहे. आमच्या गाडीत बसताना विहिरीत उतरल्यासारखं होतं. गुडघे धरून "हं..." करावंच लागतं. पण त्याच्या गाडीत शिरायचं म्हणजे माडावर चढणं, आणि तेही नऊवारी नेसून! म्हाताऱ्या माणसाला खुर्चीच्या उंचीची सीट लागते. ती अँबॅसेडरला होती. साठ वर्षांत यंत्रं किती सुधारली, पण ही साधी गोष्ट कुठे हरवली कोण जाणे. गाडी घेणाऱ्या तरुणांना माझा एकच सल्ला. शोरूममध्ये आईला सोबत न्या आणि तिला तीनदा बसायला-उठायला लावा. बाकी सगळी माहिती विक्रेता सांगेलच.

वयाचंही सरकारी उत्तर आहे. पंधरा वर्षं झाल्यावर २०२३ साली रीतसर तपासणी करून, पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून गाडीची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. दिवे, ब्रेक, धूर सगळं बघितलं त्यांनी. २०२८ साली ती वीस वर्षांची होईल तेव्हा ही फी दहा हजार असेल. तेव्हाचं तेव्हा बघू.

गाडीची तपासणी झाली. आता पाचवा मुद्दा, म्हणजे माझी.

इथून पुढचं मी नातेवाइकांपैकी कुणालाच फोनवर सांगितलेलं नाही. रागावू नका.

दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा, अंधार पडला होता. अलिबागहून येत होतो. ही मागे, डोळे मिटून. काचा बंद, एसी चालू, बारीक आवाजात भीमसेन. नागाव सोडलं. माझ्या मनाने मी चाळिशीच्या वेगात होतो. आणि एकदम समोर दिव्यांच्या झोतात सायकल. दिवा नसलेली, वर पाठीला दप्तर लावलेली मुलगी. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा सायकलचं मागचं चाक आणि आमचं नाक यांत हातभर अंतर होतं. काटा किती होता ते ब्रेक दाबण्याआधीच्या निमिषात माझ्या डोळ्यांनी टिपलं होतं. सदुसष्ट.

मुलगी मागेही न बघता पुढे निघून गेली. तिला काही कळलंच नाही. मागून हिने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "कुत्रं आलं मध्ये."

सायकलला दिवा नव्हता हे खरं. पण तिथे लपण्यात अर्थ नाही. चाळीस आणि सदुसष्ट यांतला फरक मला कळला नव्हता, हे त्याहून खरं. आणि का कळला नाही याचा विचार करत मी दोन आठवडे नीट झोपलो नाही.

८०० मध्ये साठचा वेग हाडांना कळायचा. काचा खडखडायच्या, स्टिअरिंग थरथरायचं, इंजिन ओरडायचं. ती गाडी दर मिनिटाला बजावायची, "मास्तर, पुरे!" ही गाडी असं काही बोलत नाही. तिला आवाज नाही, धक्का नाही. क्लच नाही, म्हणून डावा गुडघा गेलाय हे कळत नाही. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, म्हणून खांद्यातली ताकद गेली हे कळत नाही. दिवे इतके प्रखर की डोळे मंदावलेत हे कळत नाही. तेरा वर्षं मी तिच्या मऊपणाचं कौतुक करत होतो. त्या तेरा वर्षांत मी त्रेसष्टचा शहात्तर झालो आणि ते तिने मला एकदाही जाणवू दिलं नाही. गाडी म्हातारी झाल्याचं दिसतं. तिचा गंज दिसतो, पोचा दिसतो. चालवणाऱ्याचा गंज मात्र ती झाकून ठेवते.

माझं म्हणणं एवढंच आहे. आराम हा मागे बसणाऱ्याचा हक्क आहे. चाकामागे बसलेल्याला तो बेतानेच मिळावा. त्याला काहीतरी टोचत राहिलं पाहिजे.

आणि जे टोचायला हवं तेही आपण गुळगुळीत करून टाकलं आहे. पंचावन्न उलटलेल्याचं लायसन्स पाच-पाच वर्षांनी वाढतं आणि त्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. नियम चांगला आहे. पण मागच्या वेळी मी ते घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टर निघाला माझाच विद्यार्थी. "सर, तुम्हाला काय तपासायचं?" म्हणत हसत हसत सही केली, वर चहा पाजला. तेव्हा मला केवढं बरं वाटलं! आज वाटतं, मी त्याचा पेपर न बघता त्याला कधी पास केलं होतं का? मग त्याने मला का केलं, आणि मी का होऊ दिलं? गाडीची तपासणी झाली ती खरी, माझी झाली ती आदरापोटी. आदराने डोळ्यांतला मोतीबिंदू जात नाही.

काही जण म्हणतील, गावात एस.टी. तासा-दोन तासांनी, रिक्षा मिळेल तेव्हा, मुलं परदेशी, मग म्हाताऱ्याने गाडी चालवू नये तर करावं काय? प्रश्न बरोबर आहे, आणि शहरातल्या लोकांना तो कळत नाही. माझ्या वयाच्या प्रत्येकाने किल्ली खाली ठेवावी असं मी म्हणत नाही. ऐंशीतही डोळे-कान ठणठणीत असलेले लोक मी पाहिलेत. पण आपण त्यांतले आहोत की नाही, हे आपल्या आरामशीर गाडीला विचारू नका. तिला खोटं बोलायची सवय असते. अनोळखी डॉक्टरला विचारा. आणि दुसऱ्या कुणाची एखादी खडखडणारी, गिअरची गाडी तासभर चालवून बघा. मी बघितली. शेजाऱ्यांचा नारळ वाहायचा टेम्पो. तिसऱ्या वळणावरच उत्तर मिळालं.

माझं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. ते मी वाढवणार नाही.

हे ठरवल्यावर हिला खरं सांगायला बसलो. म्हटलं, "त्या दिवशी नागावला ते कुत्रं नव्हतं."

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे मला. कुत्र्याला वेण्या नसतात."

म्हणजे तिने पाहिलं होतं! दोन आठवडे गप्प होती. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "तुमचं तुम्हाला कळू देत म्हटलं. मी सांगितलं असतं तर तुम्ही मला यंत्रशास्त्र शिकवलं असतं."

असो.

आता व्यवस्था अशी आहे. शेजारचा मुलगा, हाही माझा विद्यार्थी, पर्यटकांच्या गाड्या चालवतो. शनिवार-रविवार त्याला काम असतं, म्हणून आमची कामं मधल्या वारी. फेरीमागे त्याचे ठरलेले पैसे, ते तो घ्यायला तयार नव्हता. त्याला म्हटलं, "फुकट चालवणार असशील तर येऊ नकोस. मला तुला 'सावकाश' म्हणता आलं पाहिजे." घेतो आता. लायसन्स संपायची वाट न बघता गेल्या मंगळवारपासूनच सुरुवात केली.

तेरा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलो. साळावला एका लग्नाला जायचं होतं. गाडी रेवदंड्याच्या पुलावर चढली, भरतीची वेळ, खाली खाडी तुडुंब, पलीकडे कोर्लईचा डोंगर. मी म्हटलं, "अगं, इथून हे सगळं किती छान दिसतं!"

ही म्हणाली, "तेरा वर्षं सांगतेय. तुम्ही म्हणायचात, माझं रस्त्यावर लक्ष आहे."

पुतण्याला कळावं, धूड विकणार नाही. पाचवा मुद्दा मात्र मान्य.